एका मिलिमीटरचे अंतर : व्यावहारिक नेमबाजीतील पिस्तुलांची पात्रता

पिस्तूल हाती घेऊन स्पर्धेत उतरू पाहणाऱ्या भारतीय नागरिकावर एकाच वेळी दोन नियमावल्यांचा अंमल चालत असतो. एक नियमावली क्रीडेची; तिचा हेतू असा, की दोन स्पर्धकांच्या हातांतील साधने परस्परांशी इतकी तुल्य असावीत, की अखेरीस जो भेद उरेल तो त्यांच्या कौशल्याचाच असावा. दुसरी नियमावली राज्याची. तिला कौशल्याशी कर्तव्य नाही. कोणाच्या घरात कोणते हत्यार असू द्यावे आणि कोणते असू देऊ नये, एवढाच तिचा प्रश्न, आणि तो ती सार्वजनिक शांततेच्या दृष्टीने सोडविते. ऑलिंपिक पद्धतीच्या नेमबाजीत ह्या दोन नियमावल्यांचा मेळ आपल्या देशात चांगला बसलेला आहे, आणि त्या मेळाचे फळ म्हणून कोल्हापूरच्या राही सरनोबत ह्यांनी २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषक स्पर्धेत व २०१८ साली आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात मिळविलेली सुवर्णपदके महाराष्ट्राच्या स्मरणात आहेत. परंतु 'प्रॅक्टिकल शूटिंग' ह्या नावाने जी क्रीडा गेल्या अर्धशतकात जगभर वाढली, ज्या क्रीडेत स्पर्धक एका जागी स्थिर उभा न राहता धावत, वळत, आडोशाआडून डोकावत अनेक लक्ष्यांवर अल्पावधीत नेम साधतो, तिच्या बाबतीत हा मेळ बसलेला नाही. तो का बसला नाही आणि बसविता येईल काय, हे ठरविण्यासाठी दोन्ही नियमावल्या शेजारी शेजारी ठेवून कलमवार वाचाव्या लागतात. तसे वाचन मराठीत फारसे झालेले नाही, म्हणून हा आढावा.

ह्या क्रीडेचा औपचारिक जन्म मे १९७६ मध्ये अमेरिकेच्या मिसूरी राज्यातील कोलंबिया ह्या गावी भरलेल्या परिषदेत झाला. तिथे जी संस्था स्थापन झाली तिचे नाव इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन, रूढ संक्षेप आयपीएससी, आणि तिचे पहिले अध्यक्ष जेफ कूपर. संस्थेने आपल्या ब्रीदात अचूकता, शक्ती आणि वेग ही तीन तत्त्वे तोलून मांडली, आणि आजपर्यंतच्या तिच्या सर्व नियमांचा अर्थ ह्या त्रयीतूनच लागतो. स्पर्धकाने लक्ष्यांवर मिळविलेल्या गुणांना त्याला लागलेल्या सेकंदांनी भागावयाचे आणि जो भागाकार येईल त्याला 'हिट फॅक्टर' म्हणावयाचे, अशी गणनेची रीत आहे. त्यामुळे सावकाश परंतु अचूक मारणारा आणि शीघ्र परंतु ढिसाळ मारणारा, दोघेही मागे पडतात. अचूकता आणि वेग ह्यांचा हिशेब अशा रीतीने घड्याळ व लक्ष्यपट देतात. तिसरे तत्त्व जे शक्ती, ते मात्र स्पर्धकाच्या शरीरात नसून त्याच्या काडतुसात असते, आणि पात्रतेच्या साऱ्या वादांचे मूळ नेमके येथे आहे.

शक्ती मोजण्याची संस्थेची पद्धत साधी आहे. गोळीचे वजन ग्रेनमध्ये घ्यावयाचे, तिचा वेग दर सेकंदाला किती फूट हे यंत्राने मोजावयाचे, दोहोंचा गुणाकार करून हजाराने भागावयाचे. जी संख्या येईल तो 'पॉवर फॅक्टर'. ही संख्या १२५ च्या खाली गेली तर स्पर्धकाचे गुण धरलेच जात नाहीत. १२५ किंवा अधिक असेल तर तो 'मायनर', आणि विभागपरत्वे १६० किंवा १७० गाठली तर 'मेजर'. ह्या दोन दर्जांतील फरक लक्ष्याच्या मध्यभागी काहीच नाही, तिथे दोघांनाही ५ गुण; परंतु गोळी मध्यापासून सरकली की मेजर स्पर्धकाला ४ आणि २ गुण मिळतात, तिथे मायनर स्पर्धकाला ३ आणि १ वर समाधान मानावे लागते. ज्याने जड धक्क्याचे काडतूस सोसले त्याच्या किंचित चुकीला नियम क्षमा करतो, असा ह्याचा भावार्थ. मला ही योजना न्याय्य वाटते, कारण हाताला बसणारा धक्का जितका मोठा, तितका दुसऱ्या गोळीसाठी पिस्तूल पुन्हा नेमावर आणण्यास अधिक वेळ लागतो; वेगात झालेली हानी गुणांत भरून द्यावी, हे तत्त्वाला धरूनच आहे.

आरंभीच्या काळी विभाग असे नव्हतेच. पंचेचाळीस बोअरचे जुने लष्करी धाटणीचे पिस्तूल जवळजवळ सर्वांच्या हाती असे, आणि सारखेपणा नियमाने नव्हे तर रूढीने टिकून होता. पुढे कोणी नळीच्या तोंडाशी वायू वर फेकून धक्का कमी करणारे साधन बसविले, कोणी मॅगझिन लांबविले, आणि १९९० च्या सुमारास माशीच्या जागी विजेचा लाल ठिपका दाखविणारी दृष्टिसाधने पिस्तुलांवर चढली. त्या साधनांनी नेम इतका शीघ्र होऊ लागला, की ज्याच्यापाशी ती नाहीत त्याने स्पर्धेस जाणे व्यर्थ ठरावे. तेव्हा नियमकर्त्यांपुढे दोन मार्ग होते : नवी साधने बंद करावीत, किंवा त्यांना वेगळे घर बांधून द्यावे. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला, आणि विभागांची परंपरा सुरू झाली. ह्या निर्णयाची किंमत अशी, की प्रत्येक नव्या शोधाबरोबर एक नवा विभाग मागण्याची प्रथा पडली. काही विभाग जन्मले, 'मॉडिफाइड' नावाचा एक विभाग काही वर्षे चालून विसर्जितही झाला. तरीही मी हा मार्ग बरा मानतो. बंदी घातली असती तर साधनांची प्रगती स्पर्धेबाहेर चालू राहिली असती, आणि स्पर्धा कालबाह्य झाली असती.

आज जे विभाग आहेत त्यांचे स्वरूप पाहिले, तर प्रत्येकाच्या पाठीमागे एक स्वतंत्र पात्रता-विचार आढळतो. 'ओपन' विभागात जवळजवळ सर्व सुधारणांना मोकळीक आहे; दृष्टिसाधन चालते, धक्काशामक चालतो, मर्यादा आहे ती मुख्यतः मॅगझिनच्या लांबीची, १७० मिलिमीटर, आणि मेजरसाठी १६० चा पॉवर फॅक्टर पुरतो. 'स्टँडर्ड' विभागाने ही दोन्ही साधने वर्ज्य केली आणि एक अतिशय सोपी कसोटी ठेवली : सर्वांत मोठे मॅगझिन चढविलेले पिस्तूल २२५ मिलिमीटर लांब, १५० रुंद आणि ४५ खोल अशा पेटीत मावले पाहिजे. ह्या पेटीची मला विशेष प्रशंसा करावीशी वाटते. पंचाला पिस्तुलाची वंशावळ ठाऊक असण्याची गरज नाही, यादी चाळण्याची गरज नाही, कारखान्याच्या दाखल्याची गरज नाही. पेटी मिटली की पात्र, न मिटली की अपात्र. मेजर दर्जासाठी मात्र ह्या विभागात गोळीचा व्यास निदान १० मिलिमीटर हवा आणि पॉवर फॅक्टर १७०. 'क्लासिक' विभाग त्याच पेटीचा, परंतु १९११ च्या जुन्या नमुन्याच्या पिस्तुलांसाठी राखलेला. मेजर असेल तर मॅगझिनमध्ये ८ काडतुसे, मायनर असेल तर १०.

'प्रॉडक्शन' विभागाने पात्रतेचा विचार अगदी निराळ्या दिशेने केला. ह्यात पेटी नाही, यादी आहे. संस्थेने मान्य केलेल्या कारखानी पिस्तुलांची यादी प्रसिद्ध होते, आणि त्या यादीतील पिस्तूल जवळजवळ जसेच्या तसे वापरावे लागते. नळी १२७ मिलिमीटरहून लांब नको, पहिल्या गोळीसाठी चाप ओढण्यास निदान २.२७ किलो भार लागला पाहिजे किंवा प्रत्येक गोळीसाठी निदान १.३६ किलो, मॅगझिनमध्ये आरंभी १५ हून अधिक काडतुसे नकोत, आणि काडतूस कितीही जड असले तरी गुण मायनरनेच मिळणार. हेतू स्पष्ट आहे : सामान्य माणसाने दुकानातून घेतलेले पिस्तूल आणि सामान्य काडतूस घेऊन जागतिक विजेत्यासमोर उभे राहता यावे. विभागांच्या गर्दीत हा विभाग सर्वांत लोकप्रिय झाला, ह्यात नवल नाही. परंतु यादीच्या पद्धतीत एक दोष अंगभूत आहे. यादी कोणीतरी करावी लागते, आणि जे पिस्तूल जगाच्या बाजारात विकले जात नाही ते यादीत कोणी सुचवावे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. 'प्रॉडक्शन ऑप्टिक्स' हा त्याचा धाकटा भाऊ, फक्त दृष्टिसाधनाला परवानगी देणारा. रिव्हॉल्व्हरचा विभाग जुना आणि लहान. सहाहून अधिक घरांचे रिव्हॉल्व्हर आणता येते, मात्र पुन्हा भरल्याविना सातवी गोळी झाडू शकणाऱ्याला मेजरचे गुण मिळत नाहीत, असा त्यात एक सुज्ञ समतोल राखलेला आहे.

ह्या सर्व विभागांच्या तळाशी एक समान पाया घातलेला आहे, आणि भारतीय वाचकाने आपले सारे लक्ष त्या पायावर एकवटावे अशी माझी विनंती आहे. कोणताही विभाग असो, गोळीचा व्यास निदान ९ मिलिमीटर हवा, काडतुसाच्या कोशाची लांबी निदान १९ मिलिमीटर हवी, आणि पॉवर फॅक्टर निदान १२५ हवा. म्हणजे जगातील बहुतेक पोलीस आणि लष्करे जे ९×१९ काडतूस वापरतात, तीच ह्या क्रीडेची प्रवेशपातळी. त्याहून लहान काडतुसाला कोणत्याही विभागात दार उघडे नाही.

आता दुसरी नियमावली उघडू. भारतीय शस्त्र अधिनियम १९५९ चा, आणि तो १८७८ च्या वसाहतकालीन कायद्याच्या जागी आला. ह्या अधिनियमाखालील नियमांची पहिली अनुसूची शस्त्रांचे वर्ग पाडते. १९६२ च्या नियमांत ती होती, २०१६ च्या नव्या नियमांतही तिचा गाभा टिकून आहे. आपोआप भरणाऱ्या रायफली तिने प्रतिबंधित वर्गात घातल्या, परंतु पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे सामान्य परवान्याच्या वर्गात, म्हणजे तिसऱ्या वर्गात ठेवली. आपोआप भरणारे पिस्तूल केवळ त्या गुणामुळे निषिद्ध ठरत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मात्र एक अपवाद तिने काळजीपूर्वक कोरून काढला : जी पिस्तुले, रिव्हॉल्व्हरे किंवा कार्बाइने .३८० अथवा .४५५ ची काठदार काडतुसे किंवा सैनिकी ९ मिलिमीटर अथवा .४५ ची काठविरहित काडतुसे झाडू शकतात, ती पहिल्या वर्गात, म्हणजे प्रतिबंधित बोअरमध्ये. असे हत्यार केंद्र सरकारच्या विशेष परवानगीविना बाळगणाऱ्यास २०१९ च्या सुधारणेनंतर सात ते चौदा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. कारण उघड आहे. सैन्याच्या व पोलिसांच्या कोठारातून काडतुसे गळाली, तरी ती खाजगी हत्यारांत चालू नयेत, अशी ही तजवीज होती. आणि ज्या देशात शस्त्रागारांची लूट हा स्वातंत्र्यलढ्यातील एक प्रसिद्ध अध्याय होऊन गेला, तिथल्या राज्यकर्त्यांच्या मनात हा विचार यावा हे समजण्याजोगे आहे.

परिणाम असा झाला, की भारतीय नागरिकाच्या हाती कायद्याने जे राहिले त्यातील सर्वांत रूढ बोअर म्हणजे .३२. कानपूरच्या सरकारी कारखान्यात .३२ चे रिव्हॉल्व्हर दीर्घकाळ तयार होत आले. २०१४ साली त्याच शहरातून टायटॅनियम मिश्रधातूचे, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचे 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर बाहेर पडले, तेही .३२ चेच, 'अशनी' हे सरकारी पिस्तूल त्याच बोअरचे. महाराष्ट्राचा ह्या साखळीतील दुवा खडकीचा. १८६९ साली स्थापन झालेला तेथील दारूगोळा कारखाना नागरी काडतुसेही करीत आला, आणि त्यांच्या बुडावर उमटलेली 'केएफ' ही अक्षरे परवानाधारकांच्या परिचयाची आहेत. २०२१ च्या ऑक्टोबरात आयुधनिर्माणी मंडळाचे विभाजन होऊन सात कंपन्या झाल्या, तेव्हा दारूगोळ्याची कंपनी पुण्यासच राहिली.

ह्या .३२ ला आयपीएससीच्या पायाशी नेऊन पाहू. गोळीचा व्यास सुमारे ७.९ मिलिमीटर, हवा ९. अंतर एका मिलिमीटरहून किंचित अधिक. पिस्तुलाच्या .३२ काडतुसाचा कोश १७ मिलिमीटरच्या थोडा वर, म्हणजे तोही अपुरा, रिव्हॉल्व्हरचे लांब .३२ काडतूस मात्र कोशाच्या लांबीत उत्तीर्ण होते, तेवढ्या एका कसोटीत. पॉवर फॅक्टरचे गणित तर अधिकच बोलके आहे. रिव्हॉल्व्हरची ९८ ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ७०० फूट जाते, तेव्हा संख्या येते ६९ च्या आसपास. पिस्तुलाची ७१ ग्रेनची गोळी सुमारे ९०० फूट जाते, तेव्हा ६४. दोन्ही किमान मर्यादेच्या निम्म्याजवळ. उलट १२४ ग्रेनची ९ मिलिमीटरची गोळी १,०५० फुटांच्या सामान्य वेगानेही १३० गाठते. म्हणजे क्रीडेची नियमावली जिथे आपले सर्वांत खालचे दार ठेवते, तिथेच राज्याची नियमावली आपली वरची भिंत उभारते. दोहोंपैकी एकही नियमकर्ता दुसऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहीत नव्हता. एकाने पोलिसी काडतुसाला आरंभबिंदू मानले, दुसऱ्याने त्याच काडतुसाला नागरिकापासून दूर ठेवले, आणि मधल्या एका मिलिमीटरात आपला नेमबाज अडकला.

येथे कोणी म्हणेल, की .३२ हे काडतूसच क्रीडेला अपुरे आहे. तसे मुळीच नाही, आणि हे ठासून सांगणे मला अगत्याचे वाटते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या २५ मीटर सेंटर फायर प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतची पिस्तुले पात्र आहेत, आणि त्या प्रकारात जगभरच्या उत्तमोत्तम नेमबाजांनी निवडलेले काडतूस म्हणजे .३२ चेच, सपाट तोंडाच्या गोळीचे. त्या प्रकाराचीही पात्रता-पेटी आहे, ३०० × १५० × ५० मिलिमीटरची; चापाचा भार निदान १,००० ग्रॅम, नळी १५३ मिलिमीटरच्या आत. ह्याच प्रकारात १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत अशोक पंडित ह्यांनी सुवर्णपदक मिळविले, आणि २००६ साली दोहा येथे जसपाल राणा ह्यांनी अंगात ताप असताना ५९० गुणांनी विश्वविक्रमाची बरोबरी केली. जे बोअर एका नियमावलीत सिंहासनावर आहे, तेच दुसऱ्या नियमावलीत दाराबाहेर आहे. ह्यावरून एवढे निश्चित होते, की पात्रता हा हत्याराचा स्वाभाविक गुण नसून तो स्पर्धेच्या हेतूतून निघालेला निर्णय आहे, आणि हेतू बदलला की निर्णय बदलता येतो.

आपल्याकडे असा निर्णय पूर्वी झालेलाही आहे. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली आणि तिची धुरा लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर ह्यांनी वाहिली. रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावाकडचे हे मूळ घराणे, कर्मभूमी अहमदाबाद, आणि त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी आहे. ह्या संघटनेने आंतरराष्ट्रीय नियमांच्या प्रकारांबरोबर 'नॅशनल रूल्स' म्हणून देशापुरते प्रकारही चालविले, त्यांत साध्या उघड्या माशीच्या हवाई रायफलीचा प्रकार शालेय व राज्य पातळीवर सर्वांना परिचित आहे. परदेशी, मोलाची, छिद्रदर्शी रायफल ज्याला परवडत नाही त्या मुलाला आपल्या तोडीच्या मुलांशी स्पर्धा करता यावी, हा त्याचा उद्देश. 'प्रॉडक्शन' विभागाच्या उद्देशाशी तो तंतोतंत जुळतो. म्हणजे साधनाच्या सामान्य उपलब्धतेवरून विभाग पाडण्याचे तत्त्व आपल्याला नवे नाही, फक्त ते पिस्तुलाच्या ह्या धावत्या क्रीडेला लावून पाहिलेले नाही.

मीरा-भाईंदरसारख्या शहरात राहणाऱ्याला हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. आठ लाखांहून अधिक वस्तीचे हे शहर २००२ साली महानगरपालिका झाले, तरी शस्त्रपरवान्याच्या बाबतीत ते ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या दफ्तराशी बांधलेले होते, कारण इथला बंदोबस्त ठाणे ग्रामीण पोलिसांकडे असे. १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले, आणि अधिनियमातील व्याख्येप्रमाणे जिथे पोलीस आयुक्त नेमलेला असतो तिथे जिल्हादंडाधिकाऱ्याचा हा अधिकार त्याच्याकडे येत असल्याने, अर्ज, चौकशी, मुदतवाढ ह्या सर्वांचा रस्ता बदलला. २०१६ च्या नियमांनी परवान्यापूर्वी शस्त्रसुरक्षेचे प्रशिक्षण घालून दिले. २०१९ च्या सुधारणेने सामान्य परवानाधारकाची मर्यादा तीन हत्यारांवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली. खेळाडूंचा विचार निराळा झाला : २०२० च्या फेब्रुवारीत गृहमंत्रालयाने नामांकित नेमबाजांची मर्यादा सातवरून बारापर्यंत वाढविली. परंतु ही वाढ संख्येची आहे, बोअरची नाही. बारा हत्यारे बाळगू शकणाऱ्या नेमबाजाच्याही पेटीत ९ मिलिमीटरचे पिस्तूल येत नाही. सरावाचे म्हणाल, तर भाईंदरचा नेमबाज पश्चिम रेल्वेने दादर-प्रभादेवीपर्यंत जाऊन वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर पोहोचतो. पुण्याची बालेवाडी, जी १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारली गेली, ती तर दूरच. दोन्ही ठिकाणची मांडणी एका रेषेत उभे राहून मारण्याची आहे, आणि व्यावहारिक नेमबाजीला लागते ती तिन्ही बाजूंनी मातीच्या बांधांनी वेढलेली मोकळी जागा, ज्यात आडोसे आणि लक्ष्ये दर स्पर्धेला नव्याने मांडता येतील.

इतर देशांनी राज्याच्या भिंतीपुढे काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे मार्च १९९६ मध्ये शाळेतील सोळा मुले व त्यांची शिक्षिका ह्यांची हत्या झाली, आणि १९९७ साली ब्रिटिश संसदेने दोन कायदे करून आधी मोठ्या बोअरची व मग .२२ चीही पिस्तुले नागरिकांकडून काढून घेतली. तिथली व्यावहारिक नेमबाजी मेली नाही. ती छऱ्यांच्या बंदुकीकडे वळली आणि त्या शाखेत तिथले स्पर्धक नावाजले गेले. जपान, हाँगकाँग इत्यादी ठिकाणी, जिथे खरे पिस्तूल सामान्याला दुर्लभ, तिथे ६ मिलिमीटरच्या प्लास्टिक गोळ्या वायूने झाडणाऱ्या प्रतिकृतींवर 'ॲक्शन एअर' ही शाखा उभी राहिली, आणि आयपीएससीने तिला विभागांसह पूर्ण नियमावली दिली. ही शाखा आपल्याकडे आणावी असे सुचविणारे पुष्कळ भेटतात. मला ती सूचना आपल्या कायद्याच्या चौकटीत अडचणीची दिसते. परवान्याविना चालणाऱ्या हवाई हत्याराला २०१६ च्या नियमांनी .१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटर, ही व्यासाची मर्यादा घातलेली आहे, आणि ६ मिलिमीटरची प्रतिकृती तिच्या बाहेर पडते. शिवाय हुबेहूब पिस्तुलासारखी दिसणारी वस्तू गर्दीच्या शहरात लोकलच्या डब्यातून नेणे, हा पोलिसांच्या दृष्टीने वेगळाच धोका आहे, आणि त्यांची ती भीती मी अनाठायी समजत नाही.

मग कायदाच सैल करावा काय? खेळाडूंपुरते ९ मिलिमीटर खुले करावे, अशी मागणी मी ऐकलेली आहे आणि ती करणाऱ्यांच्या तळमळीविषयी मला आदर आहे. अधिनियमाच्या ४५ व्या कलमाने सरकारी सेवकाला कर्तव्यापुरती मोकळीक आहेच, आणि अखिल भारतीय पोलीस नेमबाजी स्पर्धांत सेवेतील हत्यारे वापरली जातात. तेव्हा पोलीस व सैनिक ह्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय विभाग जसेच्या तसे चालविण्यास कायद्याचा अडसर येण्याचे कारण नाही. परंतु नागरिकांसाठी प्रतिबंधित बोअरचे दार किलकिले करण्याने खेळाच्या नावावर परवाने मागणाऱ्यांची जी रीघ लागेल, तिचा भार अखेर खऱ्या नेमबाजांवरच पडेल. आज क्रीडापरवान्याकडे परवाना-शाखा काहीशा विश्वासाने पाहते, तो विश्वास आपण एका काडतुसासाठी गमावू नये.

माझ्या मते खरा मार्ग उलट बाजूचा आहे. आयपीएससीची नियमावली स्वतःच स्थानिक कायद्याचे श्रेष्ठत्व मान्य करते. तिच्यातील सुरक्षेची कलमे, लक्ष्ये, हिट फॅक्टर आणि २२५ × १५० × ४५ ची पेटी हे सर्व घ्यावे, आणि फक्त पाया आपल्या कायद्याच्या उंचीवर आणून 'नॅशनल रूल्स' म्हणून दोन विभाग निर्माण करावेत, एक .३२ च्या रिव्हॉल्व्हरचा, दुसरा .३२ च्या पिस्तुलाचा. ज्यांना आंतरराष्ट्रीय पूर्वाधार हवा त्यांनी १९८१ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'स्टील चॅलेंज' स्पर्धेकडे पाहावे, तिथे .२२ च्या पिस्तुलांना स्वतंत्र विभाग आहेत आणि त्यामुळे ती स्पर्धा हलकी मानली जात नाही. म्हणून .२२ चा तिसरा विभाग नवोदितांसाठी ठेवण्यास हरकत नसावी. यादीची पद्धत मात्र टाळावी. आपल्याकडे जुनी, वडिलोपार्जित, आयात केलेली आणि सरकारी कारखान्यांची हत्यारे एकत्र नांदतात. त्यांची यादी कधी पुरी होणार नाही, आणि पुरी झालीच तर ती ज्याच्या दफ्तरात असेल त्याच्या मर्जीचा विषय होईल. पेटीला मर्जी नसते.

काडतुसांच्या संख्येचा प्रश्न सहावर सोडवावा, कारण देशातले नेहमीचे रिव्हॉल्व्हर सहा घरांचे असते. पिस्तूलवाल्यानेही सहाच भरावीत आणि आखणी करणाऱ्याने एका जागेवरून सहाहून अधिक गोळ्या मागू नयेत, म्हणजे दोन्ही विभाग एकाच मांडणीवर चालविता येतील. चापाचा भार सेंटर फायर प्रकारासारखा १,००० ग्रॅम ठेवला तर धावत्या क्रीडेत तो सुरक्षेला कमी पडेल. येथे 'प्रॉडक्शन' विभागाचा १.३६ किलोचा आकडा घेणेच योग्य. उरतो पॉवर फॅक्टर. किमान मर्यादा ६० ठेवली, तर रिव्हॉल्व्हरचे ६९ आणि पिस्तुलाचे ६४, दोन्ही कारखानी काडतुसे तिच्यावर राहतात, आणि मेजर-मायनरचा भेद मुळातच काढून टाकता येतो. परदेशात स्पर्धक स्वतः काडतुसे भरतात आणि मर्यादेच्या अगदी काठावर दारूचे वजन आणून ठेवतात, म्हणून तिथे मोजणीचे यंत्र हा अर्धा न्यायाधीश असतो. आपल्याकडचे बहुतेक नेमबाज कारखान्याची काडतुसे जशी मिळतात तशी वापरतात, तेव्हा इथे यंत्राचे काम स्पर्धकाची चलाखी पकडणे हे नसून एखाद्या खोक्यातील दुबळी काडतुसे वेळीच ओळखणे एवढेच राहील. त्या मोजणीच्या नोंदी वर्षभर ठेवून त्या खडकीला कळवाव्यात, आणि दोन-तीन हंगामांनंतर ६० चा आकडा वर न्यावा की खाली आणावा, हे राज्य संघटनेने त्या नोंदींवरूनच ठरवावे.